पहिला अध्याय गाळून गीता सांगणारी माणसं

आमची मावशी गेली तीस-बत्तीस वर्षं घरात झोपत नाही. म्हणजे घर आहे, चांगलं आरसीसीचं आहे, दारात तुळस आहे, मुलाने दोन वर्षांपूर्वी कूलर पण बसवलाय, पण पाऊस नसेल तर तिची बाज अंगणात आणि पाऊस असेल तर पडवीत, दार सताड उघडं, उशाशी बॅटरी, आणि चपला अशा ठेवलेल्या की झोपेत पाय खाली टाकला तरी सरळ चपलेतच जावा. आम्ही लहानपणी हसायचो. आता मी स्वतः चाळिशीत आहे आणि हसू येत नाही.

तिचं सासर किल्लारीजवळच्या, भूकंपात पडलेल्या त्या बावन्न गावांपैकी एक. तारीख सांगायची गरज नाही खरं तर, आमच्याकडे 30 सप्टेंबर म्हटलं की वर्ष कुणी विचारत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो, 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक उशिरा येऊन मेल्यासारखे झोपलेले. (हा शब्द सहज आला, खोडत नाही.) घरं माळवदाची, भिंती दगडमातीच्या दोन-दोन अडीच-अडीच फूट जाड, ज्यांच्यामुळे उन्हाळ्यात घर गार राहायचं त्याच भिंती अंगावर आल्या. माणसं गेली दहा हजारांच्या आसपास. त्यात मावशीचं थोरलं लेकरू, सहा वर्षांचं.

मावशीचं कंबरेचं हाड मोडलेलं, तिला कुणीतरी ट्रकमध्ये घालून सोलापूरला नेलं. इकडे पाऊस सुरू झालेला, प्रेतं कुजायला लागलेली, मग पडलेल्या घरांचीच लाकडं, तुळया, दारं गोळा करून गावोगावी सामुदायिक सरणं रचली. ज्या घराखाली मेला त्याच घराच्या लाकडावर जळला, असं तिकडे म्हणतात. कुणाची राख कुणाची हे कळायला मार्ग नव्हता. दहावा कुणाचा कुणी करायचा? ज्याने करायचा तोही त्याच सरणात. मावशी दीड महिन्याने परत आली तेव्हा गाव नव्हतं, लेकराचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पत्र्याच्या शेडमध्ये नवरा होता आणि तो बोलत नव्हता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे मागे नव्या गावात सप्ताह होता, मी योगायोगाने तिथेच होतो. कीर्तनकार बुवा नावाजलेले, आवाज सुंदर, गाणंही उत्तम. त्यांनी आत्मा अमर आहे, देह म्हणजे कपडा, हे नेहमीचं सांगितलं आणि मग म्हणाले की मेलेल्यासाठी वर्षानुवर्षं रडणं हे अज्ञानाचं लक्षण, भक्ती खरी असेल तर डोळ्यात पाणी येतच नाही. मंडपात साठीच्या पुढच्या पन्नासएक बाया बसलेल्या, त्यातल्या किती जणींचं कोण कोण त्या पहाटे गेलंय हे गावात सगळ्यांना माहीत. सगळ्या माना हलवत होत्या. घरी येताना मावशी म्हणाली, "बरूबरच सांगत असतील बाबा ते, आपलंच मन कच्चं." आणि रात्री परत अंगणात बाज टाकली.

माझं डोकं तिथे फिरलं आणि ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

आता दुसरं टोक. पुण्यातला माझा एक मित्र, आयटीतला, मुळशीकडच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांचं 'ट्रॉमा हीलिंग' करून आला, अकरा हजार रुपये, जेवण धरून. श्वासाचे प्रकार, इनर चाइल्डशी (म्हणजे आपल्यातल्या लहान पोराशी) गप्पा, शेवटच्या रात्री वडिलांना पत्र लिहायचं, मी तुम्हाला माफ केलं म्हणायचं आणि कागद शेकोटीत टाकायचा. तो खरंच रडला म्हणे, खूप हलकं वाटलं. बुधवारी आईवर इतका ओरडला की शेजारचे बाहेर आले. मी त्याची चेष्टा करत नाहीये. त्याला जे सोसावं लागलंय ते मला माहितीये आणि त्या दोन दिवसांत आयुष्यात पहिल्यांदा तो ते कुणासमोर बोलला, एवढ्यापुरते अकरा हजार वसूल. पण रविवारी संध्याकाळी पाचच्या आत माफी उरकायचीच, कारण सहाची बस आहे, हा काय प्रकार आहे?

सप्ताहातले बुवा आणि रिसॉर्टवरचा कोच एकमेकांना ओळखणार पण नाहीत, तरी दोघांचं एका बाबतीत जुळतं, दोघांनाही घाई आहे. जखम दिसली की लगेच तिच्यावर काहीतरी झाकायचं, इकडे आत्मा, तिकडे फरगिव्हनेस. जॉन वेलवुड नावाच्या अमेरिकन मानसतज्ज्ञाने, जो स्वतः बौद्ध साधना करणारा होता, 1984 मध्ये याला एक नाव दिलं, स्पिरिच्युअल बायपास. म्हणजे गावातून जायचंच नाही, बाहेरून रिंगरोडने थेट मोक्ष.

मला सगळ्यात जास्त गंमत याची वाटते की हे लोक दाखला गीतेचा देतात. अहो, गीता सुरू कुठून होते? पहिल्या अध्यायाचं नावच अर्जुनविषादयोग आहे. विषाद, आणि त्याला योग म्हटलंय! आख्खा अध्याय तो माणूस थरथरतोय, तोंडाला कोरड पडलीये, अंगावर काटा आलाय, गांडीव हातातून गळतंय, पाय ठरत नाहीयेत. कुठल्याही डॉक्टरला ही लक्षणं वाचून दाखवा, तो पॅनिक अटॅक म्हणेल. आणि या पूर्ण अध्यायात कृष्ण किती बोलतो? एक वाक्य. रथ दोन्ही सैन्यांच्या मधे नेऊन उभा करतो आणि म्हणतो, पार्था, हे जमलेले कौरव बघ. बस. 'बघ' एवढंच. मग अर्जुनाला ते आजोबा, गुरू, मामा, भाऊ, नातवंडं असे एकेक दिसायला लागतात आणि तो कोसळतो, आणि कृष्ण त्याला कोसळू देतो, बोलू देतो, मधे तोंड घालत नाही. आत्मा अमर आहे, शोक करू नकोस, हे सगळं दुसऱ्या अध्यायात येतं, आणि तेही अर्जुनाने तोंडाने मागितल्यावर, की मला कळत नाहीये, मला सांग. आमचे बुवा थेट दुसऱ्या अध्यायावर उडी मारतात. कुणी विचारलेलं नसताना.

कोणी म्हणेल की दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला कृष्ण त्याला चांगला झापतो, ते का सांगत नाही? सांगतो ना, झापतोच. पण पूर्ण ऐकून घेऊन झापतो, आणि सारथी आहे, त्याच रथावर बसलाय, बाण आले तर त्यालाही लागणारेत. स्टेजवरून झापणं वेगळं.

आणि युद्ध संपल्यावरचं काय? महाभारतात एक पूर्ण स्त्रीपर्व आहे, त्याच्यावर कीर्तन झालेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. गांधारी आणि सगळ्या सुना-लेकी रणांगणावर जातात, एकेक प्रेत ओळखतात, कुणाचं डोकं कुठे धड कुठे, आणि मोठमोठ्याने रडतात. गांधारी कृष्णाला तोंडावर सांगते की तू थांबवू शकला असतास, थांबवलं नाहीस, आणि शाप देते, 36 वर्षांनी तुझंही कूळ असंच जाईल. कृष्ण काय करतो? आधी शाप घेतो, शोक करू नकोस, दोष तुझाही आहे हे त्यानंतर सुनावतो. ज्याला आपण पूर्णपुरुष म्हणतो तो एका आईचा राग अंगावर घेऊन उभा राहतो. मला विचाराल तर अध्यात्मात पुढे गेलेला माणूस कसा ओळखायचा याचं माप मला तिथे सापडतं, समोरच्याचा आकांत ऐकताना त्याला पळून जावंसं वाटतं की नाही.

आता मुद्दा एकट्याचा आणि सगळ्यांचा. हल्ली जो 'ट्रॉमा' शब्द आपण वडापावसारखा वापरतो, त्याचा इतिहास बघितला तर मजेशीर आहे. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात मुरून राहिलेल्या आघाताचा आजार, हे निदान अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या अधिकृत यादीत आलं 1980 मध्ये, आणि ते काही फक्त प्रयोगशाळेतून आलं नाही, व्हिएतनामहून परतलेले सैनिक गोल करून बसायचे, एकमेकांना जे केलं आणि जे पाहिलं ते सांगायचे, त्यांनी आणि त्यांच्या बाजूच्या डॉक्टरांनी भांडून ते आणायला लावलं. म्हणजे या आजाराला नाव मिळालं तेच मुळी घोळक्यात बसून बोलण्यातून. आणि आपण त्याचं काय केलं? हेडफोन लावून एकट्याने ऐकायचं ॲप.

आमच्याकडे अशी गोष्ट नव्हती का? होती की. जातं. दोघी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात, पहाटेचा अंधार, घरातले पुरुष झोपलेले. एक ओळ ही म्हणते, दुसरी ती उचलते. तोंडाकडे बघावं लागत नाही, दगडाच्या घरघरीत आवाज फुटला तरी कळत नाही, हात थांबत नाहीत, आणि शेवटी पीठ पडतं, म्हणजे नुसतं रडत बसली असं म्हणायची सासूची पण सोय नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात देव आहे, भाऊ आहे, मेलेली आई आहे, मारणारा नवरा आहे, बाबासाहेब पण आहेत. देव आणि दुःख वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायची शहरी सवय तिथे नाहीच. मला भाबडेपणा करायचा नाहीये, जात्यावर बसणं म्हणजे ढोरमेहनत होती, गिरणी आली ते फार बरं झालं, मावशीला विचारा. पण गिरणीने पीठ दिलं, ती दुसरी गोष्ट मात्र दिली नाही, आणि तिची जागा कुणीच भरली नाही.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनाचं बघा. काम झालं, झालं नाही असं म्हणणारा खोटारडा. वर्ल्ड बँकेचं कर्ज आलं, देशभरातून संस्था आल्या, गावं पूर्ण नव्याने बसवली. पण नवी गावं आखली कशी तर शहरातल्या कॉलनीसारखी, सरळ रांगा, रुंद रस्ते, आणि घर किती मोठं ते जमिनीवरून, भूमिहीनाला 250 चौरस फूट, मोठ्या शेतकऱ्याला त्याच्या तिप्पट. जुन्या गावात ओट्यावर बसलं की समोरच्या ओट्यावरची बाई काय निवडतेय ते दिसायचं, न ओरडता बोलता यायचं. नव्या गावात दोन दारांमधे एवढा रस्ता की मोठ्याने हाक मारावी लागते, आणि दुःखाची गोष्ट मोठ्याने कोण सांगणार? मावशी म्हणते, "घर दिलं, शेजार नाही दिला." भेगा न पडणारी घरं कशी बांधायची याचं ट्रेनिंग झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण ज्यांचा दहावा झाला नाही त्यांचा दहावा कुठल्या खात्यात बसतो? शासनाच्या नाही, बुवांच्या पण नाही.

आणि हे काही किल्लारीपुरतं नाही. दरड कोसळून माळीण झालं 2014 ला, इर्शाळवाडी 2023 ला. सगळ्यात मोठं म्हणजे कोविड. एकट्या महाराष्ट्रात सरकारी आकड्यानुसार दीड लाखाच्या जवळपास माणसं गेली, कित्येकांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं, लेकीने बापाला व्हिडिओ कॉलवर शेवटचं बघितलं. मग लस आली, ऑफिसं उघडली, लग्नं पहिल्यापेक्षा दणक्यात सुरू झाली आणि विषय संपला! एक आख्खं राज्य सुतक न फेडता कामाला लागलंय. तुमच्या सोसायटीत, तुमच्या मंडळात, तुमच्या सत्संगात एकदा तरी सगळ्यांनी एकत्र बसून त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं मोठ्याने घेतलीत का? आमच्याकडे नाही घेतली. 14416 ही टेलिमानसची, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, जरूर वापरा, कुणाला झोप लागत नसेल, जीव नकोसा झाला असेल तर आधी तिथे किंवा डॉक्टरकडे जा, माळ ओढत बसू नका. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराच्या फॉर्ममध्येसुद्धा मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगाच नाही, काही जखमा घेऊन दहा दिवस गप्प बसणं झेपत नाही. पण हेल्पलाइनला एका वेळी एकच माणूस लागतो. गावाने मिळून फोन करायचा नंबर नाही.

इथपर्यंत निसर्गाचं झालं. भूकंपाला शाप देऊन उपयोग नाही. पण जिथे जखम माणसांनी केली आणि शेकडो वर्षं करत राहिले तिथे 'विसरा, क्षमा करा, आत बघा' हे सांगणं नुसतं घाईचं नाही, लबाडीचं आहे. बाबासाहेबांनी कुणाला आधी आत बघायला सांगितलं नाही. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर नेलं, ओंजळीने पाणी प्यायले. आधी पाणी. मग 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि त्यानंतर तब्बल एकवीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म घेतला, तोही लाखो लोकांसोबत. एकवीस वर्षं! वीकेंडवाल्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. आणि तेव्हा दिलेल्या त्या बावीस प्रतिज्ञा वाचल्या तर त्यात काय सोडतोय हे एकेक नाव घेऊन सांगितलंय, गोलमोल काही नाही. काहींना त्या अजून बोचतात, बोचू देत. माझ्या मते गेल्या शतकात मराठी मुलखात झालेली सगळ्यात मोठी आध्यात्मिक घटना ती आहे, आणि आपण तिला राजकारणाच्या कप्प्यात टाकून मोकळे झालोय, कारण अध्यात्म म्हणजे मऊ आवाजात बोललेलं काहीतरी अशी आपली समजूत.

क्षमेचं म्हणाल तर दक्षिण आफ्रिकेने तो प्रयोग करून बघितला. वर्णभेदाच्या राजवटीतल्या अत्याचारांवर 1996 पासून आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला, लोकांनी भर सभेत सांगितलं की आमच्या पोराला कसं मारलं, टुटू स्वतः टेबलावर डोकं ठेवून रडले. ऐकून घेण्याचं एवढं मोठं काम क्वचित झालं असेल. पण भरपाई? 2003 मध्ये एकरकमी तीस हजार रँड जाहीर झाले, आणि तिथल्या कित्येक घरांत आजही हा राग आहे की आमच्याकडून क्षमा करवून घेतली आणि जमीन-पैसा होता तिथेच राहिला. क्षमा वरून खाली मागता येत नाही. ज्याला लागलंय तो त्याच्या वेळेने देईल नाहीतर देणार नाही, त्याची मर्जी.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. जखमा उकरत बसलं की माणसं एकमेकांच्या नरड्याला जातात. तीन-चारशे वर्षांपूर्वीची खपली काढून मतं मागणारे आपण रोज बघतोय, त्यांना पण 'सामूहिक वेदना' हा शब्द फार आवडतो. मग फरक कसा करायचा? मी माझ्यापुरती एक साधी परीक्षा ठेवलीये. आपली जखम बोलून झाल्यावर दुसऱ्याची जखम दिसायला लागली का? दिसत असेल तर भरतेय. दुसऱ्याची दिसेनाशी झाली, किंवा आपलीच मोठी वाटायला लागली, तर कुणीतरी तिच्यात मीठ कालवतंय आणि तो बहुतेक निवडणुकीला उभा आहे.

ही परीक्षा माझ्या डोक्यातून नाही आली, लातूर-उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) बायकांकडून आली. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं, म्हणजे इंजिनीअर आणि गाव यांच्या मधली बाई. कधी उंबरा न ओलांडलेल्या बाया सिमेंटच्या गोण्या मोजायला लागल्या. आणि 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरला तेव्हा यातल्याच काही जणी उठून तिकडे गेल्या, पुढे त्सुनामीनंतर तमिळनाडूत पण गेल्या. मावशीच्या गल्लीतली एक बाई कच्छला जाऊन आली होती. तिला मी विचारलं, गुजराती येत नाही, तिथे करत काय होता तुम्ही? ती म्हणाली, "काय करणार, ढिगाऱ्यापाशी एक बाई बसलेली, मी बी तिच्याजवळ बसले. मग बोटं दाखवली, माझे दोन गेले म्हणून. तिनं चार बोटं दाखवली." नंतर दोघींनी मिळून चहा केला म्हणे, तीन दगडांवर, भांडं सापडेना तर डब्याच्या झाकणात.

त्या बाईने ध्यानधारणेचं पुस्तक हातात धरलं नसेल. आता कुणी मला सांगावं की तिची आध्यात्मिक उन्नती कुठे कमी पडली.

सप्ताहवाल्यांशी माझं वैर नाही. उलट मला वाटतं की हे काम त्यांच्याइतकं कुणालाच सोपं नाही, मंडप आहे, टाळ आहेत, सगळं गाव एका जागी बसलेलं आहे, सरकारला कोट्यवधी खर्चून जे जमणार नाही ते तिथे रोज संध्याकाळी आपोआप जमतं. सात दिवसांतली एक रात्र द्या फक्त. बुवांनी खाली बसावं, माईक बायकांकडे द्यावा, ज्याला जे नाव घ्यायचंय त्याने घ्यावं. आत्मा अमर आहे ते दुसऱ्या दिवशी सांगा, आम्ही ऐकू.

परवा मी मावशीकडे होतो. तिची नात सात वर्षांची आहे, तिने सहज विचारलं की आजी तू बाहेर का झोपतेस. मावशीचा मुलगा म्हणाला, गप ए, झोप. मावशी म्हणाली, विचारू दे. आणि मग तिने त्या लेकराचं नाव घेतलं, जे मी माझ्या आठवणीत तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. त्याला गूळ-शेंगदाणे आवडायचे, तो फार खोडकर होता, विसर्जनाच्या मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसून नाचला आणि तिथेच झोपला, असं सगळं सांगत गेली, पहाटेचं काही सांगितलं नाही. नात म्हणाली, म्हणजे तो माझा काका? मावशी म्हणाली, हो, थोरला.

मग नातीने तिची गोधडी आणून अंगणात टाकली आणि चपला मावशीच्या चपलांशेजारी तशाच लावून ठेवल्या.